आतला पांढरा

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेत कुणीच गेलेलं नाही असं गाव शोधायला निघालात, तर बरंच हिंडावं लागेल. आपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटलाय. आमच्या गावाला तसलं बिरूद नाही. पण सकाळी पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांत निम्म्यांची पाठ अजून ताठ असते. पेन्शनची तारीख साऱ्या आळीला पाठ असते. त्यामुळं फौज आम्हाला माहीत असते. पण ती बाहेरून. भिंतीवरच्या फोटोतली टोपी, छातीवरच्या फिती आणि पांढऱ्या अक्षरांत नाव-नंबर घातलेली हिरवी ट्रंक. ट्रंकेच्या आत काय असतं, ते घरातल्या बायकांनाही नीट ठाऊक नसतं.

रणगाड्याचंही तसंच. २६ जानेवारीला तो टीव्हीवर दिसतो. कितीतरी शहरांत जुना रणगाडा चौथऱ्यावर चढवून ठेवलेला असतो. लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात, पोरं पट्ट्यावर पाय देऊन चढू बघतात. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ सालापासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो तेव्हा सहलीच्या निमित्तानं दोनदा तिथं पोरं घेऊन गेलो. ओळीनं उभ्या रणगाड्यांभोवती पोरं धावायची, तोफेच्या नळीत डोकावायची, आणि शेवटी एकजण तरी विचारायचाच, “सर, आत काय असतं?” मी म्हणायचो, “माणसं असतात.” पोरं हसायची. उत्तर खोटं नव्हतं, पण त्याच्या पुढचं मला काही सांगता यायचं नाही.

सांगू शकणारा माणूस आमच्याच घरात होता. नाना, माझ्या वडलांचे धाकटे भाऊ. त्या काळी आमच्याकडची बहुतेक पोरं मराठा लाइट इन्फंट्रीत जायची आणि बेळगावला ट्रेनिंग घ्यायची. नाना मात्र १९६७ साली भरती झाले ते रणगाड्यांच्या दलात. ट्रेनिंग अहमदनगरला झालं, आणि पुढं ते टी-५५ या रशियन रणगाड्याचे ड्रायव्हर झाले. एकाहत्तरच्या लढाईत ते पश्चिमेच्या सरहद्दीवर होते, एवढं घराला माहीत. बाकी काही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: “गाडी चालवायची रं. आपल्या ट्रॅक्टरसारखीच.” आणि उठून गोठ्यात जायचे.

नानांची एक सवय साऱ्या गावाला ठाऊक आहे. ते घरात झोपत नाहीत. उन्हाळ्यात अंगणात, पावसाळ्यात पडवीत आणि थंडीतही पडवीतच, दोन कांबळी घेऊन. नाइलाजानं आत झोपायची वेळ आली तर दाराला कडी लावू देत नाहीत. गाव म्हणायचं, फौजी माणूस, अंग काटक. काकी म्हणायच्या, “खोड हाय. जाईल कुठं?” पन्नास वर्षं ती कुठंही गेली नाही.

२०१९ ला मी निवृत्त झालो. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीनं मला एक खोका आणून दिला. “बाबा, आता वेळ काय करणार? हे करा.” खोक्यावर रणगाड्याचं चित्र होतं. टी-५५. युक्रेनच्या मिनीआर्ट कंपनीनं या रणगाड्याचे असे संच काढलेत की त्यांत नुसता बाहेरचा साज नसतो, आतलं सगळं पोट असतं. इंजिन, ड्रायव्हरची जागा, गोळे ठेवायच्या घोड्या, वायरलेस, बसायच्या सीटा. प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले हजाराच्या घरातले तुकडे, त्यातले कित्येक ज्वारीच्या दाण्याएवढे. सगळं पस्तिसाव्या हिश्शानं लहान केलेलं. खरा रणगाडा सव्वातीन मीटर रुंद. हा नऊ सेंटिमीटरांहून थोडा जास्त. या मापानं पाच फूट आठ इंचांचा गडी पाच सेंटिमीटरही भरत नाही.

खोका वर्षभर कपाटावर पडून होता. मग २०२० चा उन्हाळा आला. टाळेबंदीत पार ओस पडला, चहाची टपरी बंद झाली, नानांचा दिवस संपता संपेना. मी ओसरीत उजेडाला टेबल मांडलं आणि चौकटीतून तुकडे कापायला लागलो. पहिले दोन दिवस नाना लांबूनच बघायचे. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसले.

“काय बनवतोयस मास्तर?”

“टी-५५.”

नानांनी रणगाड्याचा तळ हातात घेतला. साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा, उघडा डबा. डाव्या अंगाला, पुढच्या टोकाशी बोट ठेवलं आणि म्हणाले, “हितं मी.”

आता या कामाचा क्रम सांगायला पाहिजे, कारण सगळं बोलणं त्या क्रमानंच झालं. नुसता बाहेरून दिसणारा रणगाडा करायचा असेल तर आधी जोडायचा आणि मग रंगवायचा. आतलं करायचं असेल तर उलटं. प्रत्येक कप्पा उघडा असतानाच रंगवून, मळवून, वाळवून घ्यायचा आणि मगच झाकण लावायचं. एकदा वरचं कवच बसलं की माणूस आत जायच्या गोल झाकणांतून जेवढं दिसेल तेवढंच. बाकीचं सारं अंधारात. म्हणजे दोन महिने राबून जे करायचं, त्यातलं बरंचसं कुणालाही दिसणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

पहिला प्रश्न रंगाचा. बाहेरून हिरवा असलेला रणगाडा आतून पांढरा असतो, हे ऐकून काकींना नवल वाटलं. “लढाईच्या गाडीला पांढरा कशाला?”

नाना म्हणाले, “तू दिवाळीला घरात चुना कशाला मारतीस?”

तेवढ्यात सगळं आलं. आमच्या जुन्या घराला खिडक्या दोनच. चोरामोराच्या भीतीनं त्याही वर, हातभर. कळीचा चुना भिजवायचा, त्यात थोडी नीळ टाकायची आणि घायपाताच्या कुंच्यानं भिंती मारून घ्यायच्या. मग एका चिमणीचा उजेड सगळ्या माजघराला पुरायचा. रणगाड्याला खिडकी नसतेच. झाकणं बंद झाली की एखाद-दुसरा बारीक दिवा. भिंत पांढरी असेल तर त्या उजेडात हात कशावर पडतोय ते कळतं. पांढरा रंग शोभेचा नव्हे, उजेडाचा.

पण मॉडेलला निव्वळ पांढरा चालत नाही. एवढ्याशा वस्तूवर बाटलीतला पांढरा डोळ्यात खुपतो, आणि तो नव्या बाथरूमसारखा दिसतो. त्यात किंचित राखी आणि सुईच्या टोकाएवढा पिवळा मिसळावा लागतो. चुन्यात आपण नीळ घालतो ती पांढरा उजळायला. इथं मिसळायचं ते त्याला वय द्यायला. मी तीन छटा करून कागदावर लावल्या. नानांनी चष्मा पुसला आणि मधलीवर बोट ठेवलं. “ही. सहा महिन्यांची गाडी.”

रंगाखाली तांबडा. ट्रॉलीला नि दाराच्या ग्रिलला मारतात त्या रेड ऑक्साइडच्या जातीचा. तो वाळला की त्यावर केसांना मारायचा स्प्रे. (तो लेकीच्या जुन्या बॅगेत सापडला.) मग पांढरा ॲक्रिलिक. पांढरा वाळल्यावर ब्रश पाण्यात बुडवून ठरावीक जागी हलके घासायचं. पाण्यानं मधला स्प्रे विरघळतो, वरचा पांढरा टवका होऊन निघतो आणि खालचा तांबडा दिसतो. रंग खरोखरच उडाल्यासारखा दिसतो, कारण तो खरोखरच उडालेला असतो. मॉडेल करणारे याला वेदरिंग म्हणतात, म्हणजे ऊन-पावसानं आलेली कळा. आतल्या भागाला मात्र हा शब्द लागू पडत नाही. तिथं ना ऊन ना पाऊस. तिथला रंग जातो तो माणसाच्या वापरानं.

कुठला रंग उडवायचा, हे पुस्तकात नसतं. मी ब्रश ओला करून बसलो आणि नानांना विचारलं, “नाना, रंग कुठं कुठं गेलेला असायचा?”

नाना थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जात्याचा खुंटा बघ. नांगराची मूठ बघ. उंबऱ्याचा मधला भाग बघ. जिथं हात लागतो, पाय लागतो, तिथलाच जातो. बाकीचा तसाच राहतो.”

आणि मग ते सांगायला लागले. आधी स्वतःच्या जागेचं. ड्रायव्हर पुढं, डावीकडं, एकटा. बाकीचे तिघं मागं, वरच्या फिरत्या बुरजात. तोफ झाडणारा तोफेच्या डावीकडं, त्याच्या पाठीशी कमांडर, आणि उजवीकडं गोळा भरणारा लोडर. ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंगचं चाक नसतं. दोन बाजूंना दोन उभे दांडे असतात. डावा ओढला की डावा पट्टा मंदावतो, गाडी डावीकडं वळते. उजवा ओढला की उजवीकडं. “कासरा वढल्यासारखं,” नाना म्हणाले. “म्हणून मला लवकर जमलं. शहरातल्या पोरांना चाकाची सवय. मी आपला बैलं हाकल्यासारखी हाकली. छत्तीस टनांची जोडी.”

मी त्या दोन दांड्यांच्या मुठींवरचा रंग काढला आणि उघड्या टोकांवर पेन्सिलीचं शिसं बोटानं घासलं. शिशाची ती चमक अगदी झिजलेल्या लोखंडासारखी दिसते. नांगराचा फाळ आठ दिवस चालल्यावर चमकतो, तशी. समोर, नाकाशी, दाबलेल्या हवेच्या दोन बाटल्या. इंजिन हवेच्या जोरावरही सुरू करता येतं म्हणून. पुढं घड्याळांची पाटी. एकेक घड्याळ मोहरीएवढं. त्यावर पारदर्शक वार्निशचा एकेक थेंब सुईनं सोडला की काच बसवल्यासारखी दिसते. “त्यावरची अक्षरं रशियन,” नाना म्हणाले, “वाचता कुणाला येत होती? काटा कुठं आला की काय करायचं, तेवढं पाठ.” झाकण लावून चालवायची वेळ आली की बघायला दोन पेरिस्कोप. दोन चिरा. त्यांत मावेल तेवढंच जग.

तारा मी जुन्या इअरफोनमधल्या काढल्या. आतलं तांबं केसासारखं बारीक असतं. ती भिंतीवरून वळवून बसवताना नाना एकदम म्हणाले, “टोपीची वायर केलीस का?” रणगाड्यातल्या माणसाच्या डोक्यावर गादीसारखी जाड टोपी असते, कानाशी हेडफोन आणि गळ्याला माइक. इंजिनाच्या आवाजात शेजाऱ्याचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून बोलायचं ते वायरीतून. नाना सांगत होते, “मी पुढं, त्यांच्याकडं पाठ. त्यांची तोंडं दिसायची नाहीत. फक्त आवाज. आपल्या गाडीत आपण चौघं, पण मला तिघं कानात असायचे.”

ड्रायव्हरच्या उजव्या मांडीशी काय असतं, ते मी संचातल्या नकाशात पाहिलं होतं, पण खरं वाटलं नव्हतं. डिझेलची टाकी. आणि त्या टाकीलाच कोनाडे पाडलेले, आणि त्या कोनाड्यांत तोफेचे गोळे. जागा वाचवायला केलेली सोय. शंभर मिलिमीटरच्या तोफेचा एक गोळा, काडतुसासकट, तीसएक किलोचा. सगळ्या गाडीत मिळून असे त्रेचाळीस. मी नानांना विचारलं, “भीती नाही वाटायची? एका बाजूला तेल, त्यात दारू?”

“घरात चूल पेटलेली असती, माळ्यावर कडबा असतो. भीती वाटती का?” ते म्हणाले. आणि जरा थांबून म्हणाले, “वाटती. पण रोज न्हाई वाटत.”

गोळे रंगवायला चार दिवस गेले. काडतुसं पितळी, वरचं टोक करडं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. त्यांतले बरेचसे नंतर दिसणार नव्हते. नाना रोज सकाळी वाळलेले गोळे मोजायचे. किराणा दुकानदार अंडी मोजतो तसे, जोडी-जोडीनं.

मग बुरजाची पाळी आली. आतला भाग छोट्या वाटीएवढा. डावीकडची बाजू मी लवकर उरकली. वायरलेसचा डबा, कमांडरची सीट, त्याच्या डोक्यावरच्या झाकणाची कडा. उजवीकडं, लोडरच्या बाजूला ब्रश नेला तेव्हा नाना म्हणाले, “हितं जास्त घास.”

मी घासलं. “आणखी.” मी आणखी घासलं. “गुडघ्याच्या उंचीला घास. आणि पायाखालचा पत्रा पार उघडा कर.”

नाना खुर्ची पुढं ओढून सांगायला लागले. लोडर म्हणजे गाडीतला हमाल. इतरांना सीट असते, तिच्यावर बसून काम होतं. हा वाकलेला, गुडघ्यावर, चालत्या गाडीत. गोळा कोनाड्यातून ओढायचा, फिरवायचा, तोफेत घालायचा. तो तोफेच्या उजवीकडं, त्यामुळं जोर सगळा डाव्या हाताचा. तोफ उडाली की तिचा मागचा भाग धक्क्यानं मागं येतो. हात नेमक्या वेळेला बाजूला पाहिजे. रिकामं, गरम काडतूस बाहेर पडतं ते याच्या पायाशी. “सगळ्यात जास्त रंग त्याच्या बाजूचा जायचा,” नाना म्हणाले. “दर वेळी गाडी रंगवली की महिन्यात ह्याचा कोपरा परत तांबडा. आम्ही त्याला म्हणायचो, तू रंग खातोस काय रं?”

तो कुठला होता, त्याचं नाव काय, हे नानांनी सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. त्याच्या घरचे लोक असतील. आमच्या जिल्ह्यातलाच, चार डोंगर पलीकडचा. वायरीतून तो मराठीत बोलायचा, आणि सगळ्या गाडीत ते फक्त नानांना कळायचं. कमांडर पंजाबकडचा; तो वैतागायचा. लोडर विचारायचा, गावाकडं पाऊस झाला का, पत्र आलं का, तुझ्या म्हशीला रेडकू झालं का. मशीनसारखे हात चालू असायचे, आणि तोंडानं म्हैस.

मी त्या दोन चौरस सेंटिमीटर जागेवर एक अख्खी संध्याकाळ घालवली. पांढऱ्यातून तांबडं काढलं, तांबड्याच्या मधोमध शिशानं लोखंड काढलं. बर्न्ट अंबर हा तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून कोपऱ्यांत सोडला. तो आपोआप खाचेत धावतो आणि तिथं वर्षानुवर्षं साचलेल्या तेलकट मळासारखा बसतो. वर वाळलेल्या चिखलाची पूड. त्यासाठी आमच्याच परड्यातली माती कपड्यातून गाळून घेतली. खरी माती होती ती कुठली होती कोण जाणे. पण माणूस इथलाच होता.

दुसऱ्या दिवशी तळाचा भाग रंगवून झाला होता आणि मी वरचं कवच सुकं बसवून बघत होतो. नाना पडवीतून आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “खालचं झाकण केलंस का?”

ड्रायव्हरच्या सीटच्या मागं, गाडीच्या तळालाच एक झाकण असतं. माणूस सरपटत बाहेर पडेल एवढं. ते संचात होतं. नकाशात त्याला एक नंबर होता. रणगाडा टेबलावर ठेवला की ते खाली जातं, वरून दिसत नाही, खालून कुणी बघत नाही. मी ते बसवलं होतं. मी रणगाडा उलटा करून दाखवला.

नानांनी त्यावर अंगठा ठेवला. अंगठ्याखाली ते अख्खं झाकलं गेलं.

“तोफ वर आली की ड्रायव्हरचं झाकण उघडत न्हाई,” ते म्हणाले. “ड्रायव्हरच्या डोक्यावरच येती ती नळी, बुरूज त्या बाजूला थांबला तर. तशीच थांबली हुती. आत धूर. मग ह्यातनं.”

मी काही बोललो नाही.

“तिघं निघालो,” नाना म्हणाले.

एकाहत्तरच्या लढाईबद्दल आमच्या घरात बोलली गेलेली ही एवढीच वाक्यं. पन्नास वर्षांत. चौथा कोण, हे विचारायची गरज नव्हती. आदल्या संध्याकाळी त्याच्या बुटांखालचा पत्रा मी स्वतःच्या हातानं उघडा केला होता.

काकी दारात उभ्या होत्या, त्या कधी आल्या ते कळलं नाही. नाना गोठ्याकडं गेल्यावर त्या टेबलापाशी आल्या. मी कवच काढून ठेवलं, आणि मोबाइलची बॅटरी लावून आत उजेड पाडला. काकी वाकून बराच वेळ बघत होत्या. पांढऱ्या भिंती, दोन दांडे, मांडीशी गोळे. मग मी कवच वर बसवलं आणि ड्रायव्हरच्या झाकणातून तेच बघायला सांगितलं. वाटाण्याएवढ्या भोकातून थोडासा पांढरा, आणि बाकी काळोख.

“एवढ्याशा जागंत?” त्या म्हणाल्या.

“नाना उंच आहेत,” मी म्हणालो.

त्या रात्री पाऊस होता. वळवाचा, वाऱ्यासकट. पडवीत पाणी येत होतं. एरवी अशा वेळी काकी बडबड करायच्या, आत झोपा म्हणून. त्या दिवशी त्यांनी मधल्या खोलीतली कॉट दोघांनी मिळून ओढायला मला हाक मारली. कॉट थेट दारासमोर आणली, उशी दाराकडच्या बाजूला ठेवली आणि दोन्ही दारं सताड उघडून त्यांना विटा लावल्या. पावसाचे शिंतोडे आत येत होते. नाना आले, कॉटकडं बघितलं, काकींकडं बघितलं, आणि झोपले. तेव्हापासून पावसाळ्यात कॉट तिथंच असते.

मॉडेल करणाऱ्यांत एक वाद नेहमीचा आहे. जे झाकलं जाणार ते रंगवायचं कशाला? काहीजण म्हणतात, दिसणार तेवढंच करा, वेळ वाचवा. त्यांचं चूक नाही. बाकीचे म्हणतात, मला माहीत असतं ना आत काय आहे. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटायच्या. आता मला वाटतं, प्रश्न दिसण्याचा नाहीच. बाहेरचा हिरवा रंग शत्रूसाठी असतो, परेडसाठी असतो, चौकातल्या चौथऱ्यासाठी असतो. त्याचे सगळे फोटो आहेत. आतला पांढरा त्या चौघांचा. तो कुठं उडाला, किती उडाला, यात त्यांचे दिवस असतात. मुठीवरचा हात, पत्र्यावरचे बूट. चौथऱ्यावर ठेवायच्या आधी जुनी गाडी बाहेरून चकचकीत रंगवतात आणि झाकणं बंद करतात. ते बरोबरच आहे. पोरं आत पडतील. पण त्या झाकणाच्या आत काय राहिलं, ते कुणीतरी एकदा तरी, पस्तिसाव्या हिश्शानं का होईना, लिहून ठेवायला पाहिजे. मला लिहिता येत नव्हतं, रंगवता येत होतं.

रणगाडा पुरा झाला तेव्हा संचात माणसांच्या बाहुल्या नव्हत्या. लेक म्हणाली, वेगळ्या मिळतात, मागवते, चौघं बसव. मी नानांना विचारलं.

नाना म्हणाले, “नको. जागा राहू दे.”

वरचं कवच मी डिंकानं लावलेलं नाही, नुसतं बसवलंय. उचललं की निघतं. शाळेची पोरं अजून घरी येतात, कागदावर बैल नि डोंगर काढून दाखवायला आणतात. त्यांतलं एखादं कपाटातल्या रणगाड्याकडं बघून तोच प्रश्न विचारतं. मी हात धुऊन यायला सांगतो. मग कवच उचलून टेबलावर ठेवतो आणि पहिल्यांदा उजवीकडचा, सगळ्यात जास्त रंग गेलेला कोपरा दाखवतो. इथं उभं राहून एक माणूस काम करायचा, असं सांगतो. तो कुठला, तेही सांगतो. पोरं त्या गावाचं नाव ओळखतात. कुणाचं तरी आजोळ असतंच तिथं.